टीव्हीवरची दिवाळी आणि काले कॉलनीतली आम्ही मुले

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की दरवर्षी मोबाईलवर एक म्हातारे गृहस्थ येतात. पहाटेच्या अंधारात दारे ठोठावत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आंघोळीसाठी उठवत फिरतात. मोती साबणाची ही जाहिरात ठाऊक नाही असे मराठी घर सापडणे कठीण. भाचा पाठवतो, विहीणबाई पाठवतात, यजमानांच्या कंपनीतले जुने सहकारी पाठवतात. सोबत एकच वाक्य असते, गेले ते दिवस.

त्या गृहस्थांचे नाव विद्याधर करमरकर. लोक त्यांना 'अलार्म काका' म्हणूनच ओळखत. २०२१ च्या सप्टेंबरात ते वारले, तेव्हा ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते त्यांनाही घरातले कुणी वडीलधारे गेल्यासारखे वाटले. गंमत अशी, की ही जाहिरात खाजगी वाहिन्यांच्या काळातली. तोवर आमच्या पिढीला स्वतःची मुले झाली होती. तरी आम्ही तिला आमच्या लहानपणची म्हणतो! असे का होत असावे, याचा विचार करता करता मन पवनानगरला जाऊन पोचले आणि बऱ्याच गोष्टी आठवल्या. काही गोड होत्या, काही नव्हत्या.

मावळात कामशेतहून आत गेले की पवना धरण लागते. धरणाच्या कामासाठी काले गावाजवळ पाटबंधारे खात्याची वसाहत उभी राहिली, तेच पवनानगर. जुनी माणसे आजही 'काले कॉलनी' म्हणतात. भोवती तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर असे किल्ले. पाहुण्यांना हा देखावा फार आवडतो. आम्हाला मात्र लहानपणी त्या डोंगरांचा राग यायचा, कारण टीव्हीवरच्या मुंग्या त्यांच्यामुळे येतात असे आम्हाला सांगितले होते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्याला दिसू लागले. पुण्याला म्हणजे पुणे शहराला. डोंगरांच्या वाटीत बसलेल्या आमच्या कॉलनीत चित्र यायचे ते अँटेनाची मनधरणी करून. एक जण पत्र्यावर, एक खिडकीत, एक टीव्हीपुढे.

"आलं का?"

"मुंग्या!"

"आता?"

"अजून मुंग्याच!"

"आलं, आलं! धरून ठेव, हलू नको!"

आणि पत्र्यावरचा मुलगा तसाच बांबू धरून उभा. त्याने आयुष्यात किती कार्यक्रम फक्त ऐकले असतील, त्याची गणतीच नाही.

सुरुवातीला टीव्ही असायचा तो साहेब लोकांच्या क्वार्टरमध्ये. वर्षाचा परवाना पोस्टात भरावा लागे, तो १९८५ मध्ये बंद झाला. संध्याकाळी आम्ही पोरेपोरी हातपाय धुऊन, केस चोपून त्यांच्या दारात हजर. आत बसायचे की उंबऱ्यापाशी, हे घराघरावर असे. काही घरी सरळ सतरंजीवर जागा मिळायची, वर शेंगदाणेही मिळायचे. काही घरी "तिथूनच बघा गं" असे सांगितले जायचे. कुणाला तिथूनच आणि कुणाला आतून, हे आम्हाला न सांगता कळत होते. पुढे आमच्या वस्तीने वर्गणी काढून ब्लॅक अँड व्हाइट सेट आणला आणि विहाराच्या शेजारच्या खोलीत ठेवला. त्याला लाकडी कवाड होते, कवाडाला कुलूप आणि किल्ली वस्तीतल्या एका आजोबांकडे. त्या खोलीत बसून पाहिलेल्या जाहिराती माझ्या आठवणीत सगळ्यात ठसठशीत आहेत. कदाचित तिथे कुणी "तिथूनच बघा" म्हणणारे नव्हते म्हणून असेल.

जाहिराती म्हटले की आज आपण चॅनेल बदलतो. तेव्हा तसे नव्हते. दूरदर्शनने पैसे घेऊन जाहिराती दाखवायला १ जानेवारी १९७६ पासून सुरुवात केली. १९८२ साली रंग आले. १९८४ मध्ये 'हम लोग' ही मालिका आली आणि तिचा खर्च मॅगीने उचलला. तेव्हापासून मालिका आणि माल यांची जी सोयरीक जुळली ती आजतागायत टिकून आहे. आम्हा मुलांना तर मालिकेपेक्षा जाहिरातीच आवडायच्या. छोट्या, रंगीत (आमच्याकडे करड्या!), गाणी असलेल्या, आणि दर वेळी तीच गोष्ट सांगणाऱ्या. सर्फ विकणाऱ्या ललिताजी आम्हाला आमच्या आयाच वाटायच्या. पैसे हातात घट्ट धरून भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या. ते काम करणाऱ्या कविता चौधरी २०२४ मध्ये गेल्या.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले. देश थांबतो म्हणत. आमच्या वस्तीत थोडे वेगळे चित्र असे. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे 'रिडल्स' प्रसिद्ध केले आणि त्यावरून मोठा वाद पेटला. घरातली कर्ती माणसे मालिकेविषयी काय बोलत ते लिहायची गरज नाही. पण मालिका सुरू होण्याआधी जाहिरातींची लांबलचक रांग लागे. आम्ही मुले ती संपूर्ण रांग पाहायचो आणि मालिकेचे शीर्षक आले की आजोबा कवाड ओढून घ्यायचे. देशातले एवढे लोक जी गोष्ट संपायची वाट पाहात होते, नेमकी तेवढीच आमच्या वाट्याला यायची, आणि आम्ही त्यातच खूश!

या जाहिरातींना ऋतू असत. उन्हाळ्यात सरबते, जूनमध्ये वह्या आणि दप्तरे. दसऱ्यापासून मात्र पडद्यावर दिवे लागू लागत. साबण, तेल, रंग, कापड, मिठाई, स्कूटर, सगळ्यांच्या दारात पणती. आणि इथेच आमच्या घरी प्रश्न सुरू व्हायचे.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांनी जुने सण सोडले. पण दिवाळीचे काय करायचे, याचे उत्तर प्रत्येक घराने आपापले शोधले, हे वाचकांना ठाऊक आहेच. कुणी पूजा सोडली आणि फराळ ठेवला, कुणी दोन्ही सोडले, कुणी दीपदान म्हणून दिवे लावतात. त्या वादात मी शिरत नाही. सांगायचे आहे ते एवढेच, की मोठ्यांनी जो निर्णय विचार करून घेतला होता तो टीव्हीपुढे बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. तिला दिसते ती चांदीच्या ताटाजवळ ठेवलेली गोल, मोठी वडी, वाफ निघणारे पाणी आणि मुलाच्या अंगाला तेल लावणारी आई.

मी आईला विचारले, "आपण मोती कधी आणायचा?"

वडील पेपर वाचत होते. ते म्हणाले, "आपण दिवाळी करत नाही."

"मग आंघोळपण नाही करत का?"

वडील हसले नाहीत, पण पेपरही खाली आला नाही. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "साबणाला धर्म नसतो गं, किंमत असते. बघू."

मोती हा तेव्हा टाटा ऑइल मिल्सचा साबण. १९९३ मध्ये ती कंपनी हिंदुस्थान लीव्हरमध्ये विलीन झाली, पण साबणाचे दिवाळीशी जुळलेले नाते तसेच राहिले. गुलाब आणि चंदन अशा दोन वासांचा. रोजच्या साबणापेक्षा महाग. एवढा गोल आणि जाड की लहान मुलाच्या एका हातात मावत नसे. आईने त्या वर्षी कामशेतच्या बाजारातून एक वडी आणली खरी, पण दिवाळीत वापरली नाही. ट्रंकेत, तिच्या दोन चांगल्या साड्यांच्या मधे ठेवून दिली. सबंध हिवाळा ट्रंक उघडली की वास यायचा. आम्ही निमित्त काढून ट्रंक उघडायचो. १४ एप्रिलच्या पहाटे तिने ती वडी बाहेर काढली, शिवणाचा दोरा दुहेरी करून तिचे चार तुकडे केले आणि चौघा भावंडांना एकेक दिला. मोरीत अंधार होता, पाणी बंबातले. मिरवणुकीला निघताना आमच्या चौघांच्या अंगाला जाहिरातीतला वास होता. तो दिवाळीचा वास आहे हे मला कितीतरी वर्षे पटतच नसे. माझ्या नाकाला तो जयंतीचा वास आहे.

आता थोडे पैशाचे बोलू, कारण या सगळ्या दिव्यांच्या मागे हिशेब होता. दिवाळीतच एवढ्या जाहिराती का? सणाचे प्रेम म्हणून नव्हे. बोनस म्हणून. १९६५ च्या बोनस कायद्याने कामगाराचा बोनस हक्काचा झाला, किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २०. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. आपल्याकडे तो दिवाळीच्या तोंडावर वाटतात. पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या कारखान्यांत हजारो हातांत एकाच आठवड्यात पैसे येत आणि त्याच आठवड्यात टीव्हीवरच्या बायका जास्त गोड हसू लागत. लोणावळा लोकलने कामाला जाणारे आमचे मामा म्हणायचे, "बोनस किती मिळणार ते युनियनला माहीत नसतं, पण टीव्हीवाल्याला आधी कळतं."

सरकारी नोकरांचे वेगळे. वडील खात्यात होते. त्यांना सणाची उचल मिळायची, वर्षातून एकदाच, आणि ती पुढे पगारातून हप्त्याने कापली जायची. कुठल्या सणाला घ्यायची, ते नोकराने ठरवायचे. राज्य सरकारच्या त्या यादीत आज दिवाळी, ईद, नाताळ यांच्याबरोबर बुद्ध जयंती आणि बाबासाहेबांची जयंतीही आहे. कॉलनीत बहुतेक घरी उचल ऑक्टोबरात घरी येई. आमच्या घरी ती उन्हाळ्यासाठी राखलेली असायची. म्हणजे टीव्ही ज्या दिवसांत "घ्या, घ्या" म्हणून ओरडे, त्या दिवसांत आमच्या घरी हात आखडता. आणि आमच्या घरी नवे कपडे यायचे तेव्हा टीव्हीवर सरबताच्या बाटल्या. शाळा सुरू झाल्यावर बाकीच्या मुली दिवाळीचा फ्रॉक घालून यायच्या. "तुझा कुठाय?" या प्रश्नाला मी "एप्रिलमध्ये येणार" असे उत्तर द्यायची. त्यांना ते खोटे वाटायचे. ते दुखायचे, हे आज वयाच्या पन्नाशीत तरी कबूल करायला हरकत नाही. वडिलांचा निर्णय बरोबर होता असेच मला वाटते. दुखायचे तेही खरे.

रंगाच्या जाहिरातींचे आम्हाला काही सोयरसुतक नव्हते. एशियन पेंट्सचा गट्टू, तो कपाळावर केस आलेला, हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला पोरगा, आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला, तो मात्र फार आवडायचा. क्वार्टरला रंग द्यायचा तर खात्याने द्यायचा, आणि खाते देईल तेव्हा. आई मार्चअखेर चुन्यात नीळ टाकून भिंती स्वतः सारवून घ्यायची. चुना, नीळ आणि घायपाताचा कुंचा. त्याची जाहिरात कोण करणार?

१९८९ साली 'हमारा बजाज' आली. आजही ती सुरावट ऐकली की मान वर होते. आकुर्डीचा कारखाना आमच्या लोकलच्या वाटेवरचा, त्यामुळे ती जाहिरात लागली की वस्तीच्या खोलीत बसलेले कामगार ताठ व्हायचे. पडद्यावर असायची ती स्कूटरवर बसणारी, स्कूटर पुसणारी माणसे. जोडणारी माणसे इकडे सतरंजीवर बसलेली. कुणीतरी हमखास म्हणायचे, "ही आपल्या हाताखालून गेलेली असेल." दसऱ्याला हार घातलेली स्कूटर दारात यावी हे त्यांच्यातल्या अनेकांचे स्वप्न होते आणि काहींचे पुरेही झाले. २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणे थांबवले. २०२० मध्ये चेतक विजेवर चालणारी होऊन परत आली.

गोडाच्या जाहिराती नव्वदच्या दशकात बदलल्या. घरातून रुसून निघालेला आणि जिलेबीचे नाव काढताच परत फिरणारा धारा तेलाचा तो गोबऱ्या गालांचा मुलगा आठवतो ना? त्या दशकातच चॉकलेट मोठ्यांचेही झाले. १९९४ ची कॅडबरीची जाहिरात, क्रिकेटच्या मैदानात नाचत शिरणारी तरुणी, ती ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते पीयूष पांडे ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्याच आठवड्यात गेले. १५ ऑगस्ट १९८८ ला प्रथम दाखवलेल्या 'मिले सुर मेरा तुम्हारा'चे हिंदी शब्दही त्यांचेच. त्यात विकायला काही नव्हते, तरी सुट्टीच्या दिवशी ते लागले की आम्ही जाहिरातीसारखेच पाठ म्हणायचो. मराठीचा तुकडा आला की आवाज दुप्पट. पुढे पुढे मिठाईच्या जागी चॉकलेटचे खोके आले आणि आता तर आपल्या लग्नांतही तेच दिसते. वाईट म्हणत नाही. पण वैशाख पौर्णिमेला सुजाताच्या खिरीची आठवण म्हणून घरोघर खीर होते, त्या दिवशी दूध, साखर, तांदूळ आपणही विकतच आणतो. त्या खिरीची जाहिरात मी पन्नास वर्षांत पाहिलेली नाही.

वर्षअखेरीची तऱ्हा आणखी निराळी. डिसेंबरात टीव्हीवर केक आणि लाल झग्यातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा यायचा. त्या म्हाताऱ्याचे आजचे गुबगुबीत, हसरे रूप जगभर पसरवण्यात कोकाकोलाच्या जाहिरातींचा मोठा वाटा आहे. १९३१ पासून हॅडन संडब्लॉम नावाचा चित्रकार त्या कंपनीसाठी ही चित्रे काढत असे. सण आणि माल यांचे साटेलोटे काही आपल्याकडेच नाही. आम्हाला लहानपणी एवढेच वाटायचे, की २५ डिसेंबर टीव्हीवाल्यांनाही ठाऊक आहे! कारण आमच्यासाठी २५ डिसेंबर म्हणजे देहूरोड. १९५४ साली त्या दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात स्वतः बुद्धमूर्ती बसवली. कामशेतहून लोकल पकडायची, पांढरे कपडे, भाकरीचे गाठोडे, स्टेशनबाहेर पुस्तकांची आणि फोटोंची दुकाने. माझ्या धाकट्या भावाला कितीतरी वर्षे वाटत होते की टीव्हीवरचा तो दाढीवाला देहूरोडला निघालाय, आणि गर्दीत कुठे दिसत कसा नाही? आम्ही मोठ्यांनी त्याची समजूत काढली नाही. उलट "पुढच्या डब्यात असेल" म्हणून सांगत राहिलो.

आज दिवस पालटले आहेत. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली. आमच्या सोसायटीतल्या चार घरांतून एकाच वेळी तिचा आवाज यायचा. मधल्या वेळात जाहिराती लागत, तेल, साबण, चहापत्ती. माझ्या सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्या जाहिरातीही डोळे न हलवता पाहायच्या. मी म्हटले, "आई, आता जरा पाठ टेकवा, जाहिरात आहे." त्या म्हणाल्या, "राहू दे. आपल्यासाठी लावलीय."

मला त्यावर काही बोलता आले नाही. एका मनाने वाटते, बाजाराने आपल्याला गिऱ्हाईक म्हणून ओळखले, यात हरखून जाण्यासारखे काय? आता जयंतीच्या दिवशीही शुभेच्छांबरोबर सवलतीच्या पाट्या दिसतात. आपली सभा, आपली वर्गणी, आपले पुस्तकांचे दुकान यांना कुणी प्रायोजक नव्हता, हीच तर त्यांची शान होती. दुसऱ्या मनाला मात्र ती आठ वर्षांची, एप्रिलच्या फ्रॉकची मुलगी दिसते. तिला टीव्हीत एकदा तरी, निळा झेंडा असलेल्या दारात पहाटे कुणी आई मुलीच्या अंगाला तेल लावताना दिसली असती, तर तिचे काय बिघडले असते? ही दोन मने माझ्यात अजून भांडतात. वाचक भगिनींपैकी कुणाचे एकमत झाले असेल तर जरूर कळवावे.

गेल्या एप्रिलात नात सुट्टीला आली होती. तिला मी ट्रंकेची, दोऱ्याने कापलेल्या वडीची गोष्ट सांगितली. तिला तो साबण पाहायचाच होता. म्हणून जयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी कामशेतच्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानात नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्या दुकानदाराने मान हलवली. "मोती? तो दिवाळीलाच येतो, ताई."

आईने ट्रंकेत का ठेवला होता, ते तेव्हा कळले. त्या दिवाळीत मी दोन वड्या घेतल्या, एक गुलाब, एक चंदन. ट्रंक आता नाही. कपाटात साड्यांच्या मधे ठेवल्या आहेत, आणि नात फोनवर दर आठवड्याला विचारते, वास येतो का म्हणून.